मूत्रमार्गाची भिंत

मूत्राशयाला आपण मराठीत सर्रास 'लघवीची पिशवी' म्हणतो. पिशवीला जोडलेल्या असतात त्या 'नळ्या', नळीत अडकतो तो 'खडा', आणि मग लघवी 'तुंबते'. डॉक्टरही रुग्णाला समजावताना हीच भाषा वापरतात, कारण ती चटकन कळते. पण या शब्दांनी आपल्या मनात एक चित्र पक्के बसवले आहे: मूत्रपिंड हा खरा अवयव आणि त्याखालचे सगळे नुसते नळकाम. शाळेच्या पुस्तकातली आकृतीही तेच सांगते. मूत्रपिंडाचा उभा छेद असतो, नेफ्रॉनची वेगळी मोठी आकृती असते. मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रनलिका यांच्या वाट्याला मात्र एकेक बाण आणि नाव एवढेच येते. सूक्ष्मदर्शकाने गेल्या दीडशे वर्षांत जे दाखवले, त्याच्याशी हे चित्र जुळत नाही. मूत्रमार्गात महत्त्व पोकळीला नाही, पोकळीभोवतीच्या भिंतीला आहे; आणि या मार्गाचे बहुतेक आजार नीट पाहिले तर भिंतीचेच आजार ठरतात. या लेखात शरीररचना आणि ऊतिरचना यांचा आढावा याच एका मुद्द्याच्या अंगाने घ्यायचा आहे.

सुरुवात मूत्रपिंडापासूनच करावी लागते, पण तिथे फार रेंगाळायचे कारण नाही. प्रौढ माणसाचे मूत्रपिंड दहा-बारा सेंटीमीटर लांब आणि साधारण दीडशे ग्रॅम वजनाचे असते. प्रत्येकात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात, मात्र माणसामाणसांत हा आकडा खूप बदलतो. मार्चेलो मालपिगी याने १६६६ मध्ये रक्तकेशिकांचे बारीक गुच्छ वर्णिले, विल्यम बोमन याने १८४२ मध्ये त्यांभोवतीचा पेला दाखवला आणि याकोब हेन्ले याने १८६२ मध्ये नलिकेचा खोल वळसा. या तिघांची नावे त्या त्या भागांना आजही चिकटलेली आहेत. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि शेवटी उरते दीडएक लिटर लघवी. बाकीचे सारे नलिका परत रक्तात ओढून घेतात. ही लघवी गरजेप्रमाणे रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते आणि तिचा सामू ४.५ पर्यंत उतरू शकतो. एवढ्या कष्टाने कमावलेले मिश्रण पिंडाच्या टोकावरून थेंबाथेंबाने मूत्रपिंडाच्या आतल्या चषक नावाच्या पोकळीत उतरते. त्या क्षणापासून बाहेर पडेपर्यंत त्यात फारसा बदल होता कामा नये. युरिया, पोटॅशियम आणि आम्ल जर वाटेतच रक्तात परत झिरपले, तर मूत्रपिंडाचे काम फुकट गेले म्हणायचे. म्हणून 'पुढचा मार्ग लघवीत काहीच बदल करत नाही' हा त्याच्या निष्क्रियतेचा पुरावा मानता येत नाही. काहीही बदलू न देणे हेच तिथले काम आहे, आणि ते फार अवघड आहे.

हे काम ज्या अस्तराकडे आहे त्याचे नाव युरोथेलियम. चषकापासून मूत्रनलिकेच्या सुरुवातीपर्यंत हे एकच अस्तर अखंड पसरलेले असते. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना ते पट्टकी आणि स्तंभीय यांच्या अधलेमधले काहीतरी वाटले, म्हणून त्याला 'संक्रमणी अभिस्तर' म्हणण्याचा प्रघात पडला. नाव टिकले, पण ते दिशाभूल करते. या पेशी कुठून कुठे जाण्याच्या वाटेवर नाहीत. त्यांचा स्वतःचा ठाम घडलेला स्वभाव आहे. रिकाम्या मूत्राशयाचा छेद काचेवर घेतला, तर तळाशी लहान, दाटीने बसलेल्या पेशी दिसतात. त्यांच्यावर दोन-चार थर नासपतीच्या आकाराच्या मधल्या पेशींचे, आणि सर्वांत वर पोकळीकडे तोंड करून बसलेल्या घुमटाकार, ऐसपैस पेशी. यांना छत्रीपेशी म्हणतात, कारण एकेक पेशी खालच्या अनेक पेशींवर छत्रीसारखी पसरलेली असते. पुष्कळदा तिच्यात एकाऐवजी दोन केंद्रके असतात. मूत्राशय भरला की हेच पाच-सात थरांचे अस्तर दोन-तीन थरांचे असल्यासारखे दिसते आणि घुमट चपटे होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छत्रीपेशीचा वरचा पडदा फरसबंदीसारखा दिसतो. षट्कोनी मांडणीतले सुमारे १६ नॅनोमीटरचे कण ओळीने बसलेले असतात आणि ते युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांचे बनलेले असतात. या फरशांचा जादा साठा पेशीच्या आत चपट्या पुटिकांमध्ये ठेवलेला असतो. मूत्राशय भरत गेला की पुटिका वर येऊन पडद्यात मिसळतात आणि पृष्ठभाग वाढतो. रिकामा झाला की पडद्याचा तो भाग पुन्हा आत ओढला जातो. शेजारच्या छत्रीपेशींमधले सांधे इतके घट्ट असतात की या अस्तराचा विद्युतरोध शरीरातल्या सर्वांत जास्त रोध असलेल्या अस्तरांत मोजला जातो. रबरी फुगा ताणला की पातळ होतो आणि त्यातून हवा अधिक सुटते; हे अस्तर ताणले तरी आपली अभेद्यता सांभाळते. कोणतीही पिशवी हे करू शकत नाही.

या अस्तराची झीज-भर पाहिली तरी तेच दिसते. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, तर निरोगी युरोथेलियमच्या पेशी महिनोन्महिने टिकतात. मात्र इजा झाली की तळाच्या पेशी काही दिवसांतच जागा भरून काढतात. अस्तर कायमचे गेले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण २००७ पासून वैद्यकीय नियतकालिकांत दिसू लागले. केटामाइन नशेसाठी वारंवार घेणाऱ्या तरुणांत युरोथेलियम झडते, खालच्या थरात सूज आणि मग तंतुमय घट्टपणा येतो, मूत्राशय आकसतो आणि दर काही मिनिटांनी वेदनेसह लघवीला जावे लागते. पोकळीत काहीच अडकलेले नसते, नळी मोकळी असते. बिघडलेली असते ती भिंत.

भिंतीचा दुसरा थर स्नायूंचा. मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते. तिचा आडवा छेद घेतला की आत गोल भोक दिसत नाही, तर घड्यांमुळे चांदणीसारखी फट दिसते. आतड्यात स्नायूंचा आतला थर वर्तुळाकार आणि बाहेरचा उभा असतो. मूत्रवाहिनीत ही मांडणी उलटी आहे, आणि खालच्या तिसऱ्या भागात बाहेरून आणखी एक उभा थर येतो. लघवी या नळीतून निव्वळ उताराने घरंगळत नाही. चषकांच्या भिंतीतल्या विशेष स्नायुपेशी ठेका धरतात, मिनिटाला काही वेळा आकुंचनाची लाट सुटते आणि ती लघवीचा एकेक घोट खाली ढकलते. म्हणून आडवे झोपल्यावरही मूत्राशय भरत राहतो. प्रत्यारोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या सगळ्या नसा तुटलेल्या असतात, तरी त्याच्या मूत्रवाहिनीत लाटा उठतात. हा ठेका मेंदूकडून आलेला नसून भिंतीचा स्वतःचा आहे, हे त्यावरून सिद्ध होते. मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते तिथली रचना तर या सगळ्या मुद्द्याचे सारच आहे. ती भिंतीला सरळ छेदून आत येत नाही. दीड-दोन सेंटीमीटर तिरकी, भिंतीच्या थरांतून सरकत येते. मूत्राशय भरला की आतला दाब या तिरक्या बोगद्याला दाबून बंद करतो आणि लघवी उलटी वर जात नाही. तिथे वेगळी झडप नाही. भिंतीचा तिरकेपणा हीच झडप. काही मुलांत हा बोगदा जन्मतः आखूड असतो, लघवी मूत्रपिंडाकडे उलटते आणि जंतूही तिच्याबरोबर वर जातात. मूल वाढते तसा बोगदाही लांबतो, आणि सौम्य दोष असलेल्या पुष्कळ मुलांचा त्रास शस्त्रक्रियेशिवाय थांबतो.

मूत्राशयाच्या स्नायूला डिट्रुसर म्हणतात. त्याचे तंतू थरांत नीटनेटके न राहता जाळ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून आकुंचनाच्या वेळी पोकळी सर्व बाजूंनी एकदम आवळली जाते. पण त्याचे अधिक कौतुकाचे काम न आवळण्याचे आहे. चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी साठली तरी निरोगी मूत्राशयातला दाब जेमतेम वाढतो. हे स्नायू, कोलॅजन आणि लवचीक तंतू यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. एडवर्ड मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मूत्राशयातून पाण्याच्या ४० सेंटीमीटर उंचीइतका दाब झाल्यावरच लघवी गळत असे, त्यांच्या मूत्रवाहिन्या फुगलेल्या किंवा लघवी उलटत असलेली आढळली. त्याहून कमी दाबाला गळणाऱ्यांत हे नुकसान फार कमी होते. जी गळती आईवडिलांना सर्वांत मोठा त्रास वाटते, तीच मूत्रपिंडाला वाचवत होती. मूत्रपिंडाचे भवितव्य खालच्या भिंतीच्या मऊपणावर किती टेकलेले असते, हे यापेक्षा स्पष्ट कशाने दिसेल?

ही भिंत जाणतेही. पूर्वी अस्तर मुके मानले जाई आणि संवेदना फक्त नसांची मानली जाई. १९९७ मध्ये सशाच्या मूत्राशयाचे अस्तर ताणल्यावर त्यातून एटीपी हा रेणू बाहेर पडतो असे दिसले. २००० मध्ये, हा रेणू ओळखणारा ग्राहक नसलेल्या उंदरांत लघवीची जाणीव मंदावलेली आढळली. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो की ससा आणि उंदीर यांच्यावरून माणसाबद्दल एवढे मोठे विधान करू नये. तो मान्य करून पुढे पाहावे लागते. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात पीझो-२ या ताण ओळखणाऱ्या प्रथिनाचा जनुक जन्मतः निकामी असलेली माणसे तपासली गेली. त्यांतल्या अनेकांना मूत्राशय भरल्याची जाणीव धड होत नसे आणि ती ठरावीक वेळांनी लघवीला जात. उंदरांत हे प्रथिन नसांबरोबर अस्तराच्या पेशींतही काम करते असे त्याच अभ्यासात दिसले. पीझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. माणसात अस्तराचा वाटा किती आणि नसांचा किती, हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. पण अस्तर मुके आहे, हे जुने मत आता टिकत नाही.

मूत्रनलिकेत अस्तराचा पोत बदलत जातो. पुरुषात ती अठरा-वीस सेंटीमीटर लांब. सुरुवातीला युरोथेलियम, मग स्तंभीय पेशी आणि टोकाशी त्वचेसारखा स्तरित पट्टकी अभिस्तर. स्त्रीत ती जेमतेम चार सेंटीमीटर. स्त्रियांना जंतुसंसर्ग जास्त होण्याचे मोठे कारण ही लांबी आहेच, आणि हा खराखुरा 'नळी'चा मुद्दा आहे. पण आत पोचलेला जंतू टिकतो कसा, हे लांबीने कळत नाही. ई-कोलाय जीवाणूच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाला असलेले प्रथिन छत्रीपेशीवरच्या युरोप्लाकिनलाच पकडते; म्हणजे जी फरशी आपले रक्षण करते तिलाच तो धरून राहतो. उत्तरादाखल छत्रीपेशी स्वतः गळून पडतात आणि जंतूंना लघवीबरोबर बाहेर नेतात. उंदरांवरच्या प्रयोगांत काही जंतू तोवर पेशींच्या आत शिरून वस्ती करतात असे दिसले आहे, आणि संसर्ग पुन्हा पुन्हा का उलटतो याचा एक धागा तिथे मिळतो. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये आणखी धाडसी गोष्ट मांडली. ज्यांना लघवी करता येत नाही त्यांनी दिवसातून अनेकदा स्वच्छ, निर्जंतुक नसली तरी चालेल अशी नळी घालून मूत्राशय रिकामा करावा, असे त्यांनी सांगितले. त्यांचा युक्तिवाद असा की फार ताणलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि अशी भिंत जंतूंना तोंड देऊ शकत नाही. वेळेवर रिकामे केले की ती स्वतःच लढते. ही पद्धत आज जगभर रूढ आहे.

कर्करोगाच्या बाबतीत तर निदानाची भाषाच भिंतीची आहे. १८९५ मध्ये लुडविग रेन यांनी जर्मनीत रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचे अर्बुद नोंदवले. आज सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. रक्तातून आलेली विषे मूत्रपिंड गाळून लघवीत टाकते आणि ती अस्तराला तासन्‌तास भिजवत राहतात. अस्तर चषकापासून अखंड असल्यामुळे रोग एकाच वेळी किंवा पुढेमागे अनेक ठिकाणी उगवू शकतो. रुग्णाचे पुढे काय होणार हे अर्बुदाच्या आकारापेक्षा ते कोणत्या थरापर्यंत पोचले यावर जास्त ठरते. अस्तराखालच्या सैल थरापुरते असले तर दुर्बिणीतून खरवडून आणि आत औषध सोडून मूत्राशय वाचवता येतो; डिट्रुसरमध्ये शिरले असेल तर बहुधा मूत्राशय काढण्याची वेळ येते. म्हणून तपासणीसाठी पाठवलेल्या तुकड्यात स्नायू आहे की नाही, हे ऊतितज्ज्ञ आवर्जून लिहितात. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडून उपचार दाखवला. तो अजून वापरात आहे, आणि तो चालतो तोही भिंतीतल्या प्रतिकारपेशी जाग्या झाल्यामुळे.

आता मुख्य आक्षेपांकडे वळू. पहिला व्यवहाराचा: खडा अडकला की नळी तुंबते, प्रोस्टेट वाढली की वाट चिमटते, आणि अडथळा काढला की रुग्ण बरा होतो, मग नळकामाची उपमा चुकली कुठे? उपमा तेवढ्यापुरती खरी आहे आणि तिने असंख्य रुग्णांना दिलासा दिला आहे. पण बारकाईने पाहू. खड्याची जीवघेणी कळ खडा टोचतो म्हणून येते अशी समजूत आहे. खरे कारण वर साठलेल्या लघवीने भिंतीला बसलेला ताण हे आहे, आणि त्या ताणातून सुटणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये कळ वाढवतात. ती अडवणारे डायक्लोफेनॅक कळ थांबवते ते त्यामुळेच. खडा त्या वेळी जागचा हललेलाही नसतो. अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये दाखवले की पुष्कळ खड्यांचे मूळही पिंडाच्या टोकावरच्या अस्तराखाली साचलेल्या कॅल्शियमच्या पट्ट्यात असते. दीर्घ अडथळ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. काही मुलग्यांत मूत्रनलिकेच्या सुरुवातीला जन्मतः पडदा असतो. दुर्बिणीतून तो कापला की नळी मोकळी होते, पण गर्भातच जाड आणि ताठर झालेली मूत्राशयाची भिंत तशीच राहते, आणि यांतल्या बऱ्याच मुलांची मूत्रपिंडे पुढे वर्षानुवर्षांत निकामी होत जातात. नुसते नळकाम असते तर गोष्ट पडदा कापल्यावर संपली असती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कर्करोगात मूत्राशय काढून आतड्याचा तुकडा लघवी वाहून नेण्यासाठी वापरतात. यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही शस्त्रक्रिया रूढ केली आणि हजारो माणसे तिच्या बळावर जगतात. परकी भिंत चालते, मग मूळ भिंतीचे एवढे काय? यातला विजय खरा आहे आणि तो कमी लेखू नये. पण त्याची किंमत काय ते पाहा. आतड्याचे अस्तर शोषण्यासाठी घडलेले आहे. लघवीतले अमोनियम आणि क्लोराइड ते रक्तात ओढते, रक्त आम्लाकडे झुकते आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो. ते चिकट स्राव सोडते. त्याची पिशवी केली तर ती भरल्याची नीट जाणीव देत नाही, म्हणून माणसाला घड्याळ पाहून जावे लागते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची भिंत २००६ मध्ये अँथनी अटाला यांनी सात तरुण रुग्णांत बसवल्याचे प्रसिद्ध केले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण २०१४ मध्ये आलेल्या पुढच्या टप्प्याच्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही आणि गंभीर त्रास मात्र झाले. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बॉस्टनला झाले; माणसाच्या मूत्राशयाचे पहिले प्रत्यारोपण लॉस एंजेलिसमध्ये व्हायला २०२५ चा मे उजाडला. या उशिराचे एक कारण निश्चितच असे की मूत्राशयावाचून माणूस मरत नाही आणि आतड्याचा पर्याय हाताशी होता. पण दुसरे कारण म्हणजे ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांचे गुंतागुंतीचे जाळे. साधी पिशवी इतकी वर्षे वाट पाहायला लावत नाही.

म्हणून निष्कर्ष असा की मूत्रमार्ग शिकवताना आणि समजून घेताना भिंत आधी यावी, पोकळी नंतर. याचा उपयोग फक्त वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नाही. दुखत नसताना लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तर ते थांबले म्हणून स्वस्थ बसू नये, कारण अस्तरातला रोग बहुधा असाच, न दुखता, पहिली खूण देतो. मुंबईत २०११ मध्ये स्त्रियांसाठी मोफत आणि स्वच्छ स्वच्छतागृहांची मागणी करणारी 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली. तिच्याकडे सोयीचा किंवा शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहणे पुरेसे नाही. जागा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे, याचा भार भिंतीवर पडतो. पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जादा प्यायले, त्यांच्या संसर्गाची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. हा उपाय साधा आहे आणि स्वस्त आहे, पण तो फक्त तिलाच करता येतो जिला दिवसातून चार-सहा वेळा निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा मिळते.